बाकावर विणलेली कुंची

मुंबईत थंडी पडत नाही, हे मला कोणी सांगायला नको. जन्म विक्रोळीचा, संसार मुलुंडचा, म्हणजे आयुष्यभर घामच पुसतोय. तरीही आमच्या गोतावळ्यात एकही माणूस असा नाही की ज्याच्या घरात मी विणलेलं लोकरीचं काहीतरी नाही. घाटकोपरच्या धाकट्या भावाला मी डबल बेडचं ब्लँकेट दिलं, तेही मे महिन्यात. त्याने ते दोन्ही हातांवर असं झेललं, जणू कोणीतरी त्याच्या हातात झोपलेली म्हैस ठेवली. जावयाला बिनबाह्यांचा स्वेटर दिला. मी बोरिवलीला जाणार असलो की तो बिचारा एसी अठरावर लावतो, स्वेटर चढवतो आणि दारात उभा राहून म्हणतो, "बाबा, झकास ऊब आहे हं!" तेव्हा त्याचे दात वाजत असतात. मला सगळं दिसतं. मी खूश होतो आणि पुढच्या दिवाळीला मफलर देतो.

बाप्या माणसाने क्रोशे विणायचं म्हणजे लोक आधी दचकतात. मला ते दचकणं आवडतं. मी हे आईकडून शिकलो. वडील कारखान्यात, आम्ही कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्यांत, आणि आई दुपारभर टीव्हीवर घालायचे रुमाल विणत बसायची. मला तापाने शाळा बुडाली तेव्हा तिने माझ्या हातात सुई दिली. मी ती पेनासारखी धरली. "मेल्या, पेन नाय तां, सुई आसा!" असं म्हणून तिने बोटं वळवून दिली. साखळी, मुका खांब, खांब, असे एकेक टाके शिकवले. ताप उतरला, सुई काही सुटली नाही. नोकरी केली, हौशी नाटकं केली, पोट सुटलं, केस गेले, पण संध्याकाळी हातात सुई लागतेच.

आणि तोंडासमोर माणूस लागतो. हे माझं दुसरं व्यसन. माझ्या पोटात काही राहत नाही. मेव्हणीच्या पन्नाशीची पार्टी तिच्यापासून लपवायची होती, ती मीच तिला सांगितली, आणि वर कोणी-कोणी काय आणणार आहे तेही सांगितलं. त्यामुळे आमच्या घरात काही ठरायचं असलं की बायको मला दूध आणायला पाठवते.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी मुलीचा फोन आला. बायकोने तो घेतला आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. मी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "अगं काय झालं?" माझा आवाज रंगमंचाचा. शेवटच्या रांगेपर्यंत जातो, फोनमध्ये का जाणार नाही?

"आई, बाबा आहे तिथे? तू एकटी आहेस म्हणालीस ना! वाट लागली."

बायकोने हताश होऊन फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, ऐक. शप्पथ घे आधी."

"कोणाची?"

"नाटक नको रे. कोणालाही सांगायचं नाही. सोसायटीत नाही, काकाला नाही, आणि माझ्या सासूबाईंना तर नाहीच नाही. मी अजून त्यांनाही सांगितलेलं नाही. तिसरा महिना संपू दे. मग मी सांगेन. मी. कळलं?"

मला कळलं. त्याच्या दीड वर्ष आधी अशीच बातमी आली होती, आणि मी चारही विंगमध्ये पेढे वाटले होते. मग ते राहिलं नाही. मुलगी आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिली, आणि ज्यांनी ज्यांनी पेढे खाल्ले होते ते सगळे एकेक करून भेटायला आले. मान एका बाजूला कलती, आवाज खाली, हातात शहाळं. "होतं गं असं." "तरुण आहेस अजून." चांगली माणसं होती, मनापासून आली होती. पण बेल वाजली की मुलगी उठून स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. जे घडलं ते तिने सोसलं असतं. ते चेहरे तिला सोसवले नाहीत.

"ते चेहरे मला परत नकोत, बाबा," ती फोनवर म्हणाली.

मी शप्पथ घेतली. आणि सांगतो, पाळली. तोंडातून अक्षर काढलं नाही. भावाचा फोन आला तर आधी क्रिकेटवर बोललो, मग पाणीकपातीवर बोललो आणि ठेवला. इतकी वर्षं लोकांनी मला फुटका माठ म्हटलं, आता बघा म्हणावं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

फक्त हात स्वस्थ बसेनात.

मी ठाण्याला जाऊन बाळाला चालेल अशी मऊ सुती लोकर आणली, फिक्या लिंबू रंगाची. कुंची करायची होती. डोकं झाकणारी, मागे पाठीवर झालर सोडलेली, हनुवटीखाली बांधायला गोंड्यांची नाडी. माझ्या आईने माझ्या मुलीसाठी केली होती तशी. पहिली साखळी घातली आणि बायको समोर येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"काही नाही. हात मोकळे—"

"अहो, बाळ जन्माला यायच्या आधी नवं काही शिवत नाहीत, विणत नाहीत. आणि आलं तरी पहिल्यांदा अंगाला जुनंच लावतात. तुम्हाला माहीत नाही?"

"मी असलं काही मानत नाही."

"मी मानते. गेल्या वेळेनंतर तर फार मानते. या घरात ती सुई चालणार नाही."

"या घरात" असं ती म्हणाली. मी ते शब्दशः घेतलं. लोकरीची पिशवी काखोटीला मारली आणि खाली उतरलो.

आमच्या सोसायटीच्या आवारात बदामाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक आहे. उजेड उत्तम, वारा बरा, आणि चार ते सहा तिथे बायकांची बैठक असते, तीत मला मानाचं स्थान. मी तिथे बसून कुंची विणायला लागलो. तोंड बंद. शप्पथ शाबूत. आता मागे वळून बघताना माझाच मला अचंबा वाटतो, की लिंबू रंगाची, वाटीच्या आकाराची, गोंडेवाली वस्तू एका टकल्या माणसाने भर आवारात विणायची आणि ती कोणाला कळणार नाही असं मी कोणत्या आधारावर धरून चाललो होतो? पण तेव्हा मला वाटलं होतं की गुपित फक्त तोंडातून बाहेर पडतं.

सगळ्यात आधी ती ओळखली तळमजल्यावरच्या बेननी. या गुजराती आजी. घरातल्या ठाकोरजींना, म्हणजे पितळेच्या छोट्या बाळकृष्णाला, त्या रोज न्हाऊ घालतात, उन्हाळ्यात पंखा लावतात आणि डिसेंबरात स्वेटर चढवतात.

"भाई, ही तर बाळाची टोपी ने?"

"बाळकृष्णाची," मी म्हणालो. एका क्षणात. स्वतःच्या हजरजबाबीपणावर मी आतून टाळ्या वाजवल्या.

बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बसल्या होत्या. या वहिनींची सख्खी बहीण बोरिवलीला माझ्या मुलीच्या सासरच्याच इमारतीत राहते. आमच्या मुलीचं स्थळ त्या दोघींनीच जुळवलं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं.

"तुमचा बाळकृष्ण तर अंगठ्याएवढा आहे. मी हळदीकुंकवाला पाहिलाय की."

"नवा येणार आहे."

"कुठून?"

"मथुरेहून. संगमरवरी. मोठा. ऑर्डर दिलीय."

"अगंबाई! कधी येणार?"

"वेळ लागतो हो त्याला, घडवायचा असतो," मी सुई फिरवत म्हणालो. आता मला रंग चढला होता. "सात महिने तरी कुठे गेले नाहीत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने. बेननी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या ठाकोरजींना पण कधीतरी एक बनवा हं, भाई." मी म्हटलं, अवश्य. आणि प्रयोग रंगल्यावर विंगेत जाणाऱ्या नटासारखा तरंगत वर गेलो.

आता विहीणबाईंबद्दल सांगतो. त्या माझ्या मुलीच्या सासूबाई. सरकारी ऑफिसातून निवृत्त, उंच, किडकिडीत, नेहमी सुती साडी. बोलणं मोजकं. लग्नाच्या बैठकीत मी त्यांना माझे हुकमी किस्से ऐकवले होते, त्यातल्या प्रत्येकानंतर त्या "बरं" म्हणाल्या. हसल्या नाहीत, कंटाळल्या नाहीत, नुसतं "बरं". घरी मी त्यांची नक्कल करायचो. पदर सावरून, मान ताठ करून "बरं". भाऊ-भावजय आली की फर्माईश व्हायची. माझी मुलगीही हसायची.

कुंचीची झालर अर्ध्यावर आली होती, तेव्हा एका दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी. बोरिवलीहून मुलुंडला, सगळी मुंबई आडवी ओलांडून, न कळवता.

"या, या! हे काय, अचानक? फोन तरी करायचा!"

"फोन केला असता तर तुम्ही तयारी केली असतीत," त्या म्हणाल्या आणि बसल्या. बायको पाणी घेऊन आली. त्यांनी घोटभर प्यायलं. "कुंची झाली का?"

"कसली कुंची?"

"खाली बाकावर विणताय ती. लिंबू रंगाची."

"अहो, ती होय! ती बाळकृष्णाची. मथुरेहून—"

"सात महिन्यांनी येणार आहे तो. ऐकलं मी."

आत बायकोच्या हातून झाकण पडलं. ते फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

"माझ्या शेजारणीने, तुमच्या वहिनींच्या बहिणीने, मला जिन्यात गाठून विचारलं, पेढे कधी? तिला म्हटलं, आमचे व्याही नाटकवेडे आहेत, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मला माहीत आहे, व्याही. तिने सकाळची कॉफी सोडली त्या दिवसापासून माहीत आहे."

"मग तिला तसं—"

"तिला सांगायचं नाहीये ना? मग मला माहीत नाही." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "एका घरात राहतो आम्ही. ती सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून ठेवते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी त्या वेळी मिक्सर लावते, तिला वाटावं मला ऐकू जात नाही. तिच्या ताटात दोन घास जास्त वाढावेसे वाटतात. वाढत नाही. गेल्या वेळी तिचं काय झालं ते मी पाहिलंय. तिला हे एकदा तरी तिच्या मनासारखं करू दे." आणि मग: "तुम्ही ती कुंची जरा डोळ्यांआड करा. एवढंच सांगायला आले होते."

एवढंच. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. माझ्याकडे रागावरची उत्तरं पुष्कळ आहेत. मी खिडकीकडे पाहत बसलो. मुलीने ज्या माणसाला सांगितलं तो बाकावर जाऊन बसला होता, आणि जिला सांगितलंच नव्हतं ती मिक्सर लावत होती.

उठताना त्यांनी पिशवीतून एक घडी काढून बायकोच्या हातात दिली. जुन्या सुती साड्यांचे थर टाचून केलेलं बाळाचं दुपटं, तीन कडा शिवलेल्या, चौथी उघडी. "नवीन नाही काही. माझ्याच नेसून विरलेल्या साड्या आहेत," त्या म्हणाल्या. "घरी ठेवलं तर तिच्या हाताला लागेल. तुमच्याकडे राहू दे."

तुमच्याकडे! आमच्याकडे विश्वासाने ठेवायला दिलं त्यांनी. मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखा एकही किस्सा नव्हता.

आता कोणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? कुंची कपाटात, कपाटाला कुलूप, विषय संपला. मी नट. मला वाटलं, जे सगळ्यांनी पाहिलंय ते नुसतं लपवून कसं चालेल? ते सगळ्यांच्या समोर पुसलं पाहिजे. बाळ येणार असेल तर कोणी कुंची उसवेल का? म्हणजे उसवली की त्यांची खात्री पटणार, बाळबीळ काही नाही. हा युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला की मी बायकोलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बाकावर जाऊन बसलो. बेन होत्या, वहिनी होत्या. मी कुंची काढली, शेवटचा टाका सोडवला आणि दोरा ओढला. क्रोशाचं हे बरं असतं किंवा वाईट असतं, एक टोक हातात आलं की सगळं निमूटपणे सुटत जातं. झालर गेली. मग कानावरचा भाग. दोरा कुरळाच्या कुरळा माझ्या मांडीवर साठत होता. "माप चुकलं हो," मी हसून म्हणालो. "आणि मथुरेवाल्यानेही नाही म्हणून कळवलं. मूर्ती काही येत नाही आता."

मी वर पाहिलं.

बेनची मान एका बाजूला कलली होती. डोळ्यांत पाणी होतं. वहिनींनी पदराचं टोक ओठांवर धरलं होतं. बेन पुढे सरकल्या, त्यांनी माझा दोरा ओढणारा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या, भाई. भगवान पुन्हा देईल."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. त्यांना बाळ येणार हे आधीच ठाऊक होतं, सात महिन्यांचा हिशेब मीच तर पुरवला होता. आणि आता त्यांना वाटत होतं की ते बाळ गेलं.

मी "नाही नाही, तसं नाही" म्हणू शकत नव्हतो. तसं नाही म्हणजे कसं? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि तो चेहरा माझ्याकडे बघत राहिला. इतका मायेचा, इतका जवळचा, की त्याच्यापासून कुठे पळावं ते सुचेना. माझं काही गेलेलं नव्हतं, मी चक्क खोटा होतो, तरी मला उठून कुठल्यातरी ओट्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं. माझी पोर आठ दिवस याच्यासमोर उभी होती, आणि तिचं तर खरं होतं.

बेननी लोकरीचा गुंता गोळा केला. "ही माझ्याकडे ठेवते. घरात नको. तुमच्या घरच्या ताईंना त्रास होईल."

वर आलो आणि बायकोला सांगितलं. तिने देवाजवळ जाऊन दिवा लावला, आणि तिन्हीसांजेआधीच दिवा का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी कशावर विश्वास ठेवत नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो. त्या दिवशी मी दोनदा मुलीला फोन करून "कशी आहेस" विचारलं.

"बाबा, तू असा गोड का बोलतोयस? काय केलंस?"

"काही नाही गं. सहज."

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "व्याही, माझी शेजारीण आत्ता माझ्या गळ्यात पडून रडून गेली. तुम्ही काय केलंत?"

मी सांगितलं. न सजवता. माझ्या आयुष्यातला बहुधा हा पहिलाच किस्सा असेल जो मी एका दमात आणि खालच्या आवाजात सांगितला. मी "बरं" ची वाट पाहत होतो, पण तेही आलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "असू दे. आता निदान तिला कोणी काही विचारणार नाही. गेल्या वेळी ती कशी होती ते सगळ्यांनी पाहिलंय. मी शेजारणीला बजावलंय, पोरीसमोर विषय काढू नका. तुम्हीही तुमच्या दोघींना सांगा. जे काय चेहरे यायचे ते आपल्याकडे येऊ देत."

"तुम्हाला जिन्यात रोज—"

"हो. येतील. घेऊ."

पुढचे दीड महिने आम्ही ते चेहरे घेतले. मी बाकावर जायचो, कारण गेलो नसतो तर ते वर आले असते. बेन माझ्यासाठी ठेपले आणायच्या. एकदा त्यांनी ती लिंबू लोकर परत आणली आणि म्हणाल्या, "भाई, मन रमेल. माझ्या ठाकोरजींचा वाघा बनवा." मी ठाकोरजींचा झगा विणला, वीतभरसुद्धा नाही. त्या तो बघून इतक्या आनंदल्या की मला तोंड लपवायला तो झगा पुरला असता तर बरं झालं असतं.

आणि एका रविवारी मुलीने आम्हाला बोरिवलीला जेवायला बोलावलं. आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि विहीणबाई, एवढेच होतो. जेवणं झाल्यावर मुलगी नवऱ्याकडे बघून हसली आणि तिने सांगितलं.

माझी बायको रडली, ते खरंच होतं. विहीणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. चेहऱ्यावर आधी काहीच नाही, मग भुवया किंचित वर, मग डोळे हळूहळू भरत गेले आणि त्या म्हणाल्या, "खरं?" फक्त एवढंच. मी तीस वर्षं नाटकं केली. इतकं नितळ काम मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. आणि मी? मी दोन्ही हात वर करून "अरे वा वा वा!" असं ओरडलो, की जावयाने दचकून पाणी सांडलं.

मुलगी माझ्याकडे आली. तिने माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले, लहानपणी ठेवायची तसे.

"आई, याला बघ! बाबाने पाळलं. मला वाटलं होतं हा आठवडाभरात सगळ्या मुलुंडला सांगेल. बाबा, तुला माहितीये, या वेळी एकानेही मला काही विचारलं नाही. एकानेही नाही. मी मुलुंडला आले तेव्हा त्या बाकावरच्या बायकांनीसुद्धा नुसतं 'कशी आहेस' विचारलं आणि गप्प बसल्या. थँक्यू रे."

सांगावंसं वाटलं. आत्ता, याच क्षणी. पण सांगितलं असतं तर कॉफी, नळ, मिक्सर सगळंच बाहेर आलं असतं, आणि विहीणबाईंनी दोन महिने मोठ्या मेहनतीने जे माहीत करून घेतलं नव्हतं ते त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं झालं असतं. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जमिनीकडे पाहिलं. तिला वाटलं, बाबाला भरून आलंय.

विहीणबाई पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर आल्या. "घ्या, व्याही. तुमचा पहिला मान."

मी तो पेढा गिळला. गिळलाच म्हणायचं.

बेनना खरं सांगायला गेलो तेव्हा त्या आधी हसल्या, मग भडकल्या. "भाई, मी तुमच्यासाठी एकादशी धरली! रडले पण!" मी कान पकडले. भर आवारात, वहिनींच्या देखत, पन्नाशी उलटलेला माणूस. त्या आत गेल्या आणि ठाकोरजींचा झगा आणि उरलेला गुंडा घेऊन आल्या. "हा उसवा. बाळ आलं की याचीच टोपी करा. तुमच्यात पहिलं जुनंच घालतात ने? ठाकोरजींनी वापरलेलं आहे हे. जुनं झालं."

बाळ आलं, उत्तम आलं, ठणठणीत आवाजाचं आलं. आवाज माझ्यावर गेलाय असं मी म्हणतो. पहिले दिवस ते विहीणबाईंच्या विरलेल्या साड्यांच्या दुपट्यात गुंडाळलेलं होतं. चौथी कड त्यांनी आमच्या घरी बसून शिवली. आणि बारशाला त्याच्या डोक्यावर लिंबू रंगाची कुंची होती. मुलीने ती बोटांनी चाचपली.

"बाबा, ही लोकर धुतल्यासारखी मऊ का लागतेय?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पाळण्याच्या दोरीला फुलं बांधत होत्या, मान वर केली नाही.

"दुकानातच तशी होती," मी म्हणालो.

हे वाक्य मला अजून टोचतंय. गेल्या आठवड्यात मी विहीणबाईंना फोन केला आणि म्हटलं, मी हे सगळं लिहून काढलंय. नावं कोणाचीच घातलेली नाहीत. चालेल का?

"आधी तिला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. तुम्हाला सवय आहे."

"ती चिडेल."

"चिडेल. तुमच्यावर."

"आणि तुमच्यावर? तुम्हाला माहीत होतं हे कळल्यावर?"

"माझ्यावर चिडली तर मी बघेन. पण तिने तुम्हाला थँक्यू म्हटलंय ते तुम्ही परत करा. ते तुमचं नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदाच एका प्रेक्षकाला घाबरतोय. या रविवारी बोरिवलीला जायचं आहे, हे कागद घेऊन. मी विहीणबाईंना म्हटलं, बरोबर सुई-लोकर आणतो, हातात काहीतरी असलं की मला बोलायला बरं पडतं.

"नको," त्या म्हणाल्या. "सुई घरी ठेवून या."

"बरं," मी म्हणालो.